खुंटीवरचा कप

टवका उडालेला कप दिसला की मला अकोल्यातली ती दुपार आठवते. किशोरांसाठीच्या माझ्या पहिल्या कादंबरीचं बाड घेऊन मी प्रकाशकांसमोर बसले होते. खिडकीतून सरकीच्या ढेपेचा वास येत होता. माझी नायिका सोळा वर्षांची, दर्यापूरची, आणि तिचं आपल्या मुसलमान मैत्रिणीवर प्रेम. त्याला त्यांची हरकत नव्हती. "चालते आजकाल," ते म्हणाले, "पण थे तिले खुंटीवरच्या वेगळ्या कपात चहा देते, तेवढं काढा. आधीच पोरगी अशी, वरून मनानं खोटी? लोकं काय म्हणतीन? तिले चांगली ठेवा न बाप्पा!" माझं डोकंच फिरलं. बाकीच्या नायिकांनी खुशाल चुकायचं, आणि आमच्यासारखीनं तेवढं देव्हाऱ्यात बसायचं? "काहून काढू?" मी ओरडलेच. "जिच्यावर जीव, तिलेच थे असं वागवते, हेच तं पुस्तक आहे!" बाड उचलून मी तडक जिना उतरले. पुस्तक पुढे दुसरीकडे निघालं, कपासकट. फक्त एक गोष्ट मला त्यातही लिहिता आली नाही. आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या मैत्रिणीसाठी, तो चहा मीच ओतला होता, आणि पिऊन झाल्यावर, कुणी न सांगता, तिनं तो कप स्वतः विसळून परत खुंटीला लावला होता.