कोळंबीचं वजन

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. तिथे मी कारकून होतो. एके दिवशी पुण्याच्या मुख्य कचेरीतून एक तक्ता आला. कुठल्या कामाला किती ताकद लागते ते पाहून त्यापुढे हलकं, मध्यम, जड किंवा अतिजड असं लिहायचं होतं. काम जितकं जड, तितकी विश्रांती जास्त. साहेबांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. कुणालाच नको असलेली कामं माझ्याच टेबलावर येऊन पडत.

वजनकाटा घेऊन मी कारखानाभर हिंडलो. बर्फाच्या लाद्या वाहणाऱ्या हमालांपुढे 'अतिजड' लिहिलं. ते इतके खूश झाले की एकाने मला त्याचा दंड दाबून बघायला लावला. स्वतःच्या कामापुढे मी 'मध्यम' लिहिलं. फायली काय कमी जड असतात? मग कोळंबी सोलणाऱ्या बायकांकडे गेलो. एक कोळंबी काट्यावर ठेवली. काटा जागचा हलला नाही.

"काय लिवलंत?" टेबलाच्या टोकाला उभ्या असलेल्या मावशींनी विचारलं. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या.

"हलकं. एका वेळी एकच तर उचलता."

"मग उद्या या ना इकडे. तुम्हीपण एकेकच उचला."

सगळ्या बायका हसल्या. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गमबूट, ॲप्रन आणि टोपी चढवून मी मावशींच्या शेजारी उभा राहिलो. बर्फाच्या पाण्यातून कोळंबी काढायची, डोकं मोडायचं, साल सोलायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा. पहिल्या तासात बोटं बधिर झाली. दुसऱ्या तासात कंबर बोलू लागली. माझी एक पाटी भरेपर्यंत मावशींच्या चार भरल्या. वर त्यांनी माझ्या पाटीतल्या निम्म्या कोळंब्या बाहेर काढल्या. "ही फाडलीत. हिचं डोकं ठेवलंत. ही तर जिवंत वाटतेय."

चहाच्या सुट्टीत ॲप्रन काढला तर शर्टाचं बटण सुटलेलं. ते लावता येईना. बोटं वाकतच नव्हती. मावशींनी ते लावून दिलं, अगदी शाळेत निघालेल्या पोराला लावतात तसं. त्यांचीही बोटं थंडगारच होती, फक्त त्यांना सवय होती. मला फार लाज वाटली.

मी 'हलकं' खोडून 'जड' लिहिलं. आठवडाभराने पुण्याचे अधिकारी आले.

"कोळंबीला जड? वजन किती तिचं?"

"साहेब, या बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं हात घालून बघा," मी म्हटलं. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं, देव जाणे.

त्यांनी घड्याळ काढून हात घातला. चौथ्या मिनिटाला त्यांना अचानक फोन आला. आम्हा कुणालाच त्याची रिंग ऐकू आली नाही.

शेवटी 'मध्यम'वर तडजोड झाली. दर दोन तासांनी विश्रांती मिळाली, हात शेकायला गरम पाण्याचा टब आला. मला वाटलं, मावशी खूश होतील.

"मध्यम?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या फायलींएवढंच?"

मी माझ्या कामापुढचं 'मध्यम' खोडून 'हलकं' लिहिलं. इकडे हमालांनी टब पाहिला आणि मावशी पोचायच्या आत चौघांनी त्यात पाय सोडले. मावशींनी त्यांना ज्या शब्दांत बाहेर काढलं, ते अतिजड होते.