फोडणीला ओरडणारा अलार्म

फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी दिली होती, आणि स्वयंपाकघरातला गॅसचा अलार्म बोंबलत होता. माझ्या मुलीच्या, मनीषाच्या, अंधेरीच्या ऑफिसातला समीर काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, "मोठ्याने बोल रे!" तर त्या पोराला ते ओरडून सांगावं लागलं... मनीषा जेवता जेवता कोसळली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. मी आधी गॅस बंद केला. मग आमटी झाकून ठेवली.

महिना उलटला. रडू आलेलं नाही. लोक बघतात, बघू देत.

मी चौथी पास. साकीनाक्याला लेथ चालवली, पण कुणापुढे वाकलो नाही. मनीषाही तशीच निघाली. घाटकोपरच्या घरात आम्ही दोघंच. दुसऱ्यांचे प्रोग्राम न चालवता, नुसते वाचून चुका धरणारं सॉफ्टवेअर ती बनवायची. प्रोग्रामातल्या मजकुरात म्हणे एक उलटी तिरकी रेघ घालतात, पुढचं अक्षर वेगळं वाचा असं सांगायला. ती चुकून पडली की सॉफ्टवेअरने ओरडायचं. पण मुद्दाम, बरोबर घातलेल्या रेघेवरही ते ओरडायचं. लोक वैतागून तो नियमच बंद करायचे, मग खरी चूकही निसटायची. ऑफिसात ठरत आलं होतं, नियम काढून टाकू. हिचा हट्ट, मी दुरुस्त करते.

"काढून टाक की," मी म्हणालो. "हा तुझा अलार्मपण तसलाच. फोडणी दिली की बोंब. उद्या उपटतो बघ."

"हात तर लाव, बाबा! गॅस गळला तर तू ओरडणार आहेस?"

"मला वास येतो."

"तुला? परवा दूध करपलं ते शेजारच्या वहिनींनी येऊन सांगितलं!"

स्टुलावर चढून तिने अलार्म शेगडीपासून लांब लावला. म्हणाली, "त्याला गप्प नाही करायचं. कधी ओरडायचं ते शिकवायचं." पण आमचं स्वयंपाकघर केवढं... लांब जाऊन जाणार कुठे?

तेराव्यानंतर समीर आला. "काका, तिची दुरुस्ती आम्ही घेतली. नियम ठेवलाय."

"आता उगाच ओरडत नाही ना?"

"कमी झालंय, काका. थोडं ओरडतो अजून."

म्हटलं, ठीक आहे. त्याला चहा दिला.

वहिनी म्हणतात, काढा हो तो अलार्म, डोकं उठतं. मी हात लावू देत नाही. काल लसणाची फोडणी दिली, बोंबलला. गळती नाही हे मला ठाऊक होतं. तरी गॅस बंद केला, नळी चाचपली, खिडकी उघडली... आणि तो गप्प होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.