तालमीत लागलेलं सील

“मॅडम, या सीलची किल्ली कुठंय?”

किरणभाऊंनी विचारलं तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते. आमच्या युनिटच्या फाटकात चाळीस फुटी कंटेनर ट्रेलरवर उभा होता. त्याच्या कपाळाला झेंडूचा हार होता. दारं बंद होती आणि दारांच्या कडीत सील लागलेलं होतं. बारा खोकी मात्र अजून हॉलमध्येच होती.

“किल्ली नसते,” मी म्हटलं.

“मग उघडायचं कसं?”

“उघडायचं नसतं. म्हणून तर त्याला सील म्हणतात.”

मी एक्स्पोर्टचे कागद आणि माल पाठवणं, ही दोन्ही कामं बघते. धुळ्याला येण्याआधी मी पंधरा वर्षं बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटकडे होते. माल जहाजावर चढण्याआधी किती ठिकाणी अडू शकतो, ते तिथे शिकले. मात्र तो तालमीत अडू शकतो, हे तिथे कोणी शिकवलं नव्हतं.

आमचं युनिट लहान मुलांचे सुती कपडे करतं. मालक साठीचे आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. किरणभाऊ त्यांचे धाकटे भाऊ. आजवर आमचा माल मुंबईच्या मोठ्या कंपनीच्या नावाने बाहेर जायचा. ही पहिली ऑर्डर थेट आमच्या नावाची होती. युरोपातल्या खरेदीदाराने ती चाचणी म्हणून दिली होती, आणि एकच अट घातली होती: माल याच जहाजावर चढला पाहिजे. चढला तर हिवाळ्याची मोठी ऑर्डर, नाही तर नमस्कार.

या ऑर्डरसाठी नानांनी शिंदखेड्यात शिलाईची नवी लाइन टाकली होती. चाळीस बायका. त्यांना गोळा केलं सुपरवायझर मंगलाताईंनी. घरोघरी गेल्या, सासूंशी बोलल्या, दोन घरी नवऱ्यांशी भांडल्या. काम कायमचं आहे, असा शब्द त्यांनी दिला होता. जहाज चुकलं तर लाइन बंद होणार, हे नानांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मंगलाताईंनी ते बायकांना सांगितलं नव्हतं.

आता ती बारा खोकी बाहेर का राहिली, ते सांगते. पहिला कंटेनर म्हणून नानांनी कार्यक्रम ठेवला होता. एक मोठे पाहुणे येणार, त्यांच्या हस्ते शेवटची खोकी चढणार, सील लागणार, मग हिरवा झेंडा. वेळ अकराची. मंडप होता, माईक होता, शाली होत्या. मी दोनच गोष्टींसाठी भांडले. नारळ डांबरावर फोडायचा, कंटेनरच्या उंबऱ्यावर नाही, कारण आत पाणी सांडलं तर महिनाभराच्या प्रवासात खोक्यांना बुरशी येते. आणि निघताना हार काढायचा. दोन्ही मान्य झालं. तालमीचं मला कोणी विचारलं नाही.

किरणभाऊंनी स्वतः पाहुण्यांची भूमिका घेतली. फोटोग्राफरला जागा ठरवायची होती. दारं लावली, सील माझ्या टेबलावरून आणलं होतं, ते कडीत घातलं, हसून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि दाबलं. खट्.

हे सील म्हणजे जाड लोखंडी खिळा. एकदा बसला की कापूनच निघतो. त्यात चिप असते, बंदरावर यंत्राने ती वाचतात. त्याचा नंबर कस्टमच्या कागदांवर असतो. कागदावरचा नंबर आणि दारावरचा नंबर एक असेल तर कंटेनर न उघडता पुढे जातो. नसेल तर प्रश्न सुरू होतात.

नाना आले. त्यांनी दाराकडे बघितलं, मग भावाकडे.

“किरण, शाळेच्या नाटकातसुद्धा तू पडदा आधी पाडायचास.”

“नाना, फोटो चांगला आलाय पण.”

शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मोठा कटर आणला. सील कापायला दोन माणसं लागली. ते तुटताना मंगलाताईंनी डोळे मिटून घेतले होते, जणू दात काढताहेत.

“आता दुसरं कुठून आणायचं?” नानांनी विचारलं.

सील कंपनीच्या नावावर नोंदवून मागवावं लागतं. दुसऱ्याचं उसनं चालत नाही. मी पर्स उघडली. मी दोन मागवली होती. तेव्हा किरणभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले होते, “एका कंटेनरला दोन सील? लग्नात काय दोन मंगळसूत्रं आणतात का?”

“घ्या किरणभाऊ,” मी म्हटलं, “दुसरं मंगळसूत्र.”

ते हसले नाहीत. मंगलाताई हसल्या.

बंदरावरच्या आमच्या एजंटला फोन लावला.

“सील बदललं? का?”

“तालीम होती.”

“कसली?”

“फोटोची.”

“मॅडम, मी वीस वर्षं या धंद्यात आहे,” तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. मग कामाचं बोलला. नवा नंबर भरून दुरुस्तीचा अर्ज करायचा, सोबत कारणाचं पत्र आणि दोन्ही सीलचे फोटो. “पण ऑफिसर दार उघडून बघू म्हणाला तर अर्धा दिवस गेला समजा. गाडी लवकर पोचवा. उद्या संध्याकाळी सहाला गेट बंद.”

जहाज कधी सुटतं याला आमच्या कामात फारसा अर्थ नसतो. त्याच्या बरंच आधी बंदराचं गेट त्या जहाजापुरतं बंद होतं. त्यानंतर जहाज समोर दिसलं तरी ते आपलं नसतं.

नानांना पत्रात ‘तांत्रिक कारणास्तव’ हवं होतं. मी लिहिलं, ‘माल पूर्ण भरण्याआधी चुकून सील लागले.’ तांत्रिक म्हटलं की पुढचा माणूस तंत्र विचारतो. चूक म्हटलं की बहुतेक वेळा पुढे काही विचारत नाही, कारण ती त्यालाही माहीत असते.

अकरा वाजले. पाहुणे दोंडाईच्यात होते, कशाचं तरी उद्घाटन करत. साडेअकराला निरोप आला, निघतोच आहोत. बाराला निरोप आला, वाटेत एक भूमिपूजन आहे, तीन तरी वाजतील.

ट्रेलरचे ड्रायव्हर गुलाबआबा टायरजवळ बसून तंबाखू मळत होते. साठीचे, सडपातळ. आदल्या दिवशी रिकामा कंटेनर घेऊन उरणहून आले होते. खानदेशात बाहेरून फार काही येत नाही, म्हणून रिकामा डबाही बंदरावरून आणावा लागतो. एका फेरीच्या मालासाठी दोन फेऱ्यांचा रस्ता.

“अक्का,” ते म्हणाले, “पाव्हणा कव्हय येथीन?”

“तीनला म्हणतात.”

“तीन म्हणजे पाच. मंग मी निंघू कव्हय? ठाणाले सकायले मोठी गाडी अडावतस. जहाज काय पाव्हणासाठे थांबस का?”

मी नानांकडे गेले. ते मंडपात एकटे, सोफ्याच्या कडेला बसले होते. मधली जागा पाहुण्यांची होती.

“नाना, गाडी आत्ता निघाली पाहिजे.”

“आणि पाहुण्यांना काय सांगू?”

“जहाजाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, पाहुण्यांना मी सांगते.”

“मॅडम, पत्रिका वाटल्यात. पत्रकार आलेत. इथे झेंडा दाखवायला गाडी नको?”

मंगलाताई मागे उभ्या होत्या. त्यांचा आवाज एरवी यंत्रांवरून ऐकू जाईल असा असतो, तेव्हा मात्र हळू होता.

“नाना, झेंड्याला गाडीच पाहिजे ना? आपला टेम्पो आहे की. शिंदखेड्याला कापलेलं कापड घेऊन जायचाच आहे.”

नानांनी मंडपाच्या झालरीकडे बघितलं. “हे खोटं नाही का होत?”

“टेम्पो खरा आहे,” मी म्हटलं. “आतला माल खरा आहे. तो रवाना होणार हेही खरं. कुठे, असं कोणी विचारलं तर सरळ सांगायचं.”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर तो त्यांचा प्रश्न.”

“ताई,” नाना मंगलाताईंना म्हणाले, “लाइनबद्दल मी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते तुमच्या बायकांना माहीत आहे?”

“नाही. मी नाही सांगितलं.”

नाना उठले. सोफ्याच्या कडेवरून उठायला फार वेळ लागत नाही.

बारा खोकी मंगलाताईंनी आणि पॅकिंगच्या बायकांनी चढवली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मी दारं लावली, नंबर दोनदा वाचला आणि सील दाबलं. तो आवाज या वेळी बरा वाटला. हार काढून टेम्पोला घातला. गुलाबआबांनी त्यातलं एक फूल मागून घेतलं आणि आरशाला खोचलं. साडेबाराला ट्रेलर महामार्गाला लागला.

पाहुणे चारला आले. कंटेनर कुठे आहे, असं त्यांनी विचारलं नाही. खानदेशचा कपडा सातासमुद्रापार कसा चालला आहे, यावर ते चाळीस मिनिटं बोलले. त्यांच्या हस्ते दोन गठ्ठे टेम्पोत चढले. नाना फार हळू आवाजात म्हणाले, “साहेब, हा टेम्पो आपल्या शिंदखेड्याच्या लाइनला जातोय.” साहेब म्हणाले, “वा, वा,” आणि झेंडा हलवला. पाचला टेम्पो सुटला आणि वळणावर पंक्चर काढायला थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन नव्हता. मंगलाताई शिंदखेड्याला गेल्याच नाहीत, माझ्या टेबलासमोर बसून गुंड्या मोजत राहिल्या. त्या गुंड्या आधीच मोजलेल्या होत्या. चार वाजून पाच मिनिटांनी एजंटचा फोन आला.

“गेली आत. ऑफिसरने पत्र दोनदा वाचलं, फोटो बघितले. कापलेल्या सीलच्या फोटोत तुमचे एक साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. ते बघून म्हणाला, जाऊ द्या.”

मंगलाताईंनी गुंड्यांचा डबा बंद केला. “मी पाचची एसटी धरते,” म्हणाल्या. “आता सांगते त्यांना. सगळंच सांगते.”

गेट बंद व्हायला दोन तास बाकी होते. ट्रेलर साडेबाराला निघाला होता, आणि आमचा कार्यक्रम पाचला संपला होता. ही वजाबाकी मी नानांना करून दाखवली नाही. ते माझ्या टेबलाशी आले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं आणि परत गेले.

पेपरात टेम्पोचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘युरोपकडे रवाना होताना’. त्याची फ्रेम नानांच्या केबिनमध्ये आहे. खरेदीदाराचा माणूस हिवाळ्याच्या ऑर्डरसाठी आला तेव्हा तो बराच वेळ त्या फ्रेमसमोर उभा होता. टेम्पोच्या मागे पाटी स्पष्ट वाचता येते: ‘फक्त धुळे जिल्ह्यात’. नशिबाने त्याला मराठी येत नव्हतं.

शिंदखेड्यात आता पंचावन्न बायका आहेत. कापलेलं सील माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलं आहे. पुढच्या कंटेनरच्या वेळी किरणभाऊंनी ते हातात घेऊन फिरवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “मॅडम, या वेळी सील किती मागवलीत?”

“तीन,” मी म्हटलं. “तुम्ही येणार आहात ना?”

कार्यक्रम अजूनही होतात. ते बंद करणं माझ्या हातात नाही आणि नानांच्याही नाही. फक्त एक पद्धत पडली आहे: आधी कंटेनर निघतो, मग पत्रिका छापायला जाते.