पदराखालची सीताफळं

१४ ऑक्टोबर. उद्याच्या पाहुण्यांसाठी सीताफळं आणायला केजच्या स्टँडवर गेले. धारूरहून येणारी ती बाई रोजच्याच जागी होती. एरवी तिची आरोळी बस सुटली तरी ऐकू येते. आज टोपलीवर गोणपाट आणि तोंडावर पदर.

"हळू बोला बाई. आमच्या सीताफळाला पेटंट झालंय. विकलं की धरत्यात. इथंच पिकून फुटायलेत बगा."

तिनं फळांखालचा पेपर ओढून दाखवला. ठळक अक्षरांत 'सीताफळाला पेटंट' असं छापलं होतं. मी कृषी कार्यालयात कारकून, म्हणून फरक ठाऊक.

"पेटंट नव्या शोधाला मिळतं. हे भौगोलिक मानांकन आहे. आपल्या भागाचं नाव बाहेरच्या फळाला लावायचं नाही, एवढंच. तुम्ही खुशाल विका."

"मग पेपरात कावून छापलं?"

"त्यांना सगळं सारखंच वाटतं."

"मला इचारायचं की! झाड सासूनं लावलंय, शोध कशाचा?"

तरी छापलेल्यापुढे माझ्या बोलण्याचं वजन पडेना. तिनं एकही फळ दिलं नाही.

१५ ऑक्टोबर. सकाळी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'धारूरची सीताफळं' लिहून नेलं. तिनं पाटी उभी केली, गोणपाट भिरकावलं आणि शेजारच्या सफरचंदवाल्यावर ओरडली, "तुझी कोणत्या गावची रं? कागद दाखव!"

मी दोन किलो घेतली आणि तिला पुन्हा काही समजावलं नाही.