निळा जंत

"सापडला! निळा जंत सापडला! अरे, या रे बठ्ठे, सगळेच या!"

नानांची ही आरोळी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निघाली, कॉलेजचं आवार ओलांडून अमळनेर स्टेशनावर पोचली आणि सुटलेली पॅसेंजर गार्डनं पुन्हा थांबवली. गार्ड हे नाकारायचा. पण त्याला नोकरी सांभाळायची होती. नाना प्राणिशास्त्र शिकवायचे, मी शेजारी रसायनशास्त्र. हातातल्या परीक्षानळीसकट धावलो. नानांच्या चिमट्यात तापीतल्या मरळ माशाच्या आतड्यातून काढलेला, केसाएवढा, निळाशार धागा होता. "तोंड नाही, शेपूट नाही," ते म्हणाले, "म्हणून तर नवा!"

ते नाना गेल्या महिन्यात गेले. झोपेत, आवाज न करता... हे मात्र मला अजून खरं वाटत नाही.

माणसं सोनं शोधतात, नानांनी वीस वर्षं माशांच्या पोटातले जंत शोधले. सन पंच्याऐंशीच्या सुमाराला मिळालेला हा निळा जंत म्हणजे त्या वीस वर्षांचं फळ होतं. महिनाभरात तसे आणखी चाळीस मिळाले. शोधनिबंध टाइप झाला, पाकिटावर तिकिटं लागली. जंताला बायकोचं, म्हणजे आमच्या अक्कांचं, नाव द्यायचं ठरलं.

"जंतले मन्हं नाव?" अक्कांनी पोळपाट बाजूला सारला. "दखू तरी."

त्यांनी एक जंत बशीत घेतला, चष्म्याजवळ नेला, आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत काडी ओढून पेटवला. आमच्याकडच्या बायका साडी घेताना पदराचा धागा उपसून असाच जाळतात. राख झाली तर सूत, गोळी झाली तर नायलॉन. बशीत मोहरीपेक्षा लहान, कडक, काळी गोळी उरली.

"आवो, हाऊ जंत नही. हाऊ दोरीना धागा शे."

नानांनी वीस वर्षं सगळे जंत फॉर्मॅलिनमध्ये बुडवले होते. जाळून पाहायचं त्यांच्या मनात येणार कुठून? यावलकडून केळीचे ट्रक निळ्या दोऱ्या आवळून निघायचे. त्या दोऱ्या उन्हात विटून, पिंजून नदीत जात होत्या. मी हळूच म्हणालो, "नाना, पाठवून द्या. तिकडे कोण काडी ओढतंय?"

"इथं ओढली ना," ते म्हणाले, आणि त्यांनी पाकीट फाडलं. तिकिटांसकट.

आठवडा गेला. मग एका सकाळी नदीकाठचा गाळ घेऊन माझ्याकडे आले. गाळ वाळवला, चाळला. हलकं ते वर यावं म्हणून काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवत राहिले, अंडं तरंगेपर्यंत. त्यात गाळ ओतून ढवळला आणि आम्ही वाट पाहत बसलो. दुपारपर्यंत वाळू तळाला गेली. आणि वर... यात मी एक अक्षर वाढवत नाही, वाढवायची गरजच नाही... वर निळे, लाल, पांढरे कण आणि धागे, दुधावरच्या सायीसारखे. नानांनी तापलेली सुई एकेकाला लावली. काडीकचरा काळा पडला. बाकीचे, म्हणजे प्लास्टिकचे, अंग चोरून आक्रसले. मूठभर गाळातून एवढं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि सगळी तापी मनात उभी राहिली, उगमापासून समुद्रापर्यंत.

पुढं एक मेलेला बगळा मिळाला. रोडावलेला, नुसती हाडं आणि पिसं. त्याचं पोट मात्र गच्च होतं, दोऱ्यांच्या गुंत्यानं. नानांनी तो गुंता तळहातावर धरला. "याला वाटलं असेल, आपलं पोट भरलंय," ते इतकंच म्हणाले.

नंतर त्यांनी जागोजागचा गाळ आणला, वह्या भरल्या. छापायला कोणी घेतलं नाही. प्राणिशास्त्रवाले म्हणाले, यात प्राणी कुठाय? नाना हसून पुढचा गाळ वाळत घालायचे.

परवा अक्कांना भेटायला गेलो. नानांच्या टेबलावर ती पहिली बरणी अजून आहे, बूच मेणानं बंद केलेली. जड झालेलं वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "अक्का, इतक्या वर्षांत हे सगळं खाली बसलं असेल. टाकू का ओतून?"

अक्कांनी पदरानं काच पुसली, वाकून पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. अजून बठ्ठं वरच शे."