तिसरं प्रकरण माझं नाही

शे-सव्वाशे वर्षांपूर्वी लॅटिन अमेरिकेतल्या कवींनी स्पॅनिश कवितेला नवे छंद आणि नवा नाद दिला. त्या चळवळीला 'मोदेर्निस्मो' म्हणतात. तिच्यावर मराठीत माझं एक पुस्तक आहे. अमरावतीत एम.ए.च्या मुलांना अजून ते वाचायला सांगतात. छंदांवरचं तिसरं प्रकरण सगळ्यांत जास्त वाखाणलं गेलं. ते मी लिहिलेलं नाही.

ते अकोल्याच्या एका उर्दू शाळेतल्या मास्तरचं आहे. बी.एड.ला आम्ही एकाच बाकावर बसायचो. शब्दकोश आणि कॅसेटी यांच्या जोरावर तो स्पॅनिश शिकला होता. कॅसेट लावून टेबलावर बोटानं ठेका धरायचा आणि म्हणायचा, "आमच्या गजलेत बी दोन शब्द असेच एकमेकांत शिरतात." एक दिवस त्यानं चाळीस पानांची वहीच दिली. "घे, तुले पुस्तकात कामी येईन."

प्रस्तावनेत मी विभागप्रमुखांचे, मुद्रकाचे आणि बायकोचे आभार मानले. त्याचं नाव गाळलं. बढतीची मुलाखत जवळ आली होती आणि प्राध्यापकाला शाळामास्तरनं शिकवलं हे सांगायची लाज वाटली. त्याचं नाव वाचून लोक काय म्हणतील, हेही मनात होतं. तो प्रकाशनाला आला, तिसऱ्या रांगेत बसला, एक प्रत विकत घेतली. "बांधणी मस्त आहे," एवढंच बोलला. नंतर माझं अकोल्याला जाणं बंद झालं.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. गेल्या महिन्यात एसटीनं अकोल्याला गेलो.

"काहून आला बे प्रोफेसर? रस्ता चुकला काय?"

मी सगळं बोललो. प्रकरणावर त्याचं नाव घालतो, असं सांगितलं. त्यानं कपाटातून ती जुनी प्रत काढली. एका परिच्छेदाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. त्या प्रकरणात तेवढाच परिच्छेद मी पदरचा घातला होता. एका सुनीताच्या ओळी चौदा अक्षरांच्या हव्यात. मी आपल्या वृत्तांसारखा एकेक स्वर मोजला, तर पंधरा-सोळा भरली. मग लिहून टाकलं की कवीनं बंड म्हणून छंद मुद्दाम मोडला. इतकी वर्षं मुलं परीक्षेत तेच लिहितात.

"त्यानं काही मोडलं नाही. तू मराठीत मोजून राहिला."

त्यानं टीपॉयवर ठेका धरून ओळ म्हटली. एका शब्दाच्या शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या स्वराला भिडला की बोट एकदाच पडत होतं. चौदा. पुढची ओळही चौदा.

"वहीच्या पहिल्याच पानावर लिवलं होतं मी."

लिहिलं होतं. बाकी वही मराठीत होती, तेवढं पान उर्दूत होतं आणि मला उर्दू वाचता येत नाही. नाव गाळायचं ठरवल्यावर त्याला विचारायला जायचं कोणत्या तोंडानं?

"अन् आता ह्या चुकीवर मायं नाव टाकतं? पहिले हे दुरुस्त कर. मले दाखव. मंग पाहू. तवरिक कुठंच नाव छापू नको."

म्हणून इथंही ते नाही. त्या पानाचा मजकूर त्यानं वाचून दाखवला, मी देवनागरीत उतरवून घेतला. तो समोर ठेवून रोज सकाळी मोजतो. सुनीताच्या बारा ओळी चौदा अक्षरांत बसल्या आहेत. दोन अजून पंधरा भरतात. गुरुवारी त्या घेऊन अकोल्याला जाणार आहे.