चार बोटे लांब पाठ

राबणाऱ्या बाईच्या अंगावरचा शर्ट या भागात पोशाख मानला जात नाही. तो खुरप्याइतकाच कामाचा मानला जातो. साडीवर नवऱ्याचा नाहीतर दिराचा जुना शर्ट चढवायचा, बाह्या मनगटापर्यंत ओढायच्या आणि उसात शिरायचे. उसाचे पान कापते, ऊन भाजते. शर्ट दोन्ही स्वतःवर घेतो. मल्लव्वा गडहिंग्लजकडच्या एका गावातून लग्न होऊन कोल्हापूरजवळ आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत पाच साड्या आणि वडिलांचे दोन शर्ट होते. सासूने साड्या बाजूला सारल्या, शर्ट उलगडून पाहिले आणि म्हणाली, "कामाची दिसतीया."

आज मल्लव्वा सत्तेचाळीस वर्षांची आहे. गारगोटी रस्त्याला हरितमाळ नावाचा गोल्फ क्लब आहे, तेथे गेली अकरा वर्षे ती भांगलण, म्हणजे खुरप्याने तण काढण्याचे काम, करते. नऊ बायकांच्या टोळीची ती मुकादम. पगार इतरांइतकाच, मुकादमकी एवढीच की साहेब रागावला तर तिच्यावर रागावतो. टोळी तिला अक्का म्हणते.

या कामाची सुरुवातच एका चुकीने झाली होती. पहिल्या दिवशी बायकांना सांगितले गेले, गवत स्वच्छ करा. ज्या हरळीला शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घालत आल्या, जिचे मूळ हातभर खोल जाते आणि जी एकदा रानात शिरली की रान खाते, ती हरळी तिथे गालिच्यासारखी पसरली होती. बायकांनी दुपारपर्यंत खोलीएवढा तुकडा मुळासकट उपटून बांधावर फेकला आणि लव्हाळा तेवढा कोवळा म्हणून ठेवला. संध्याकाळी कळले की हरळी हेच इथले पीक, आणि लव्हाळा हे तण. ते टक्कल भरून यायला एक अख्खा पावसाळा गेला. सगळ्यांची सगळीकडे एकच किंमत नसते, हे मल्लव्वा त्या दिवशी शिकली. आणि किंमत ठरवणारा बहुधा उभा असतो, उपटणारा बसलेला, हेही.

तीन वर्षांपूर्वी क्लबाने कामगार बायकांना नारिंगी जाकिटे दिली. जुने शर्ट पाहुण्यांना बरे दिसत नाहीत, तेव्हा फक्त जाकीट घालावे, असा नियम झाला. जाकीट बिनबाह्यांचे आणि कमरेपर्यंतच. उभ्या बाईला ते ठीक बसे. पण भांगलण उभ्याने होत नाही. उकिडवे बसून पुढे वाकले की जाकीट वर सरके आणि पोलक्याखालची उघडी पाठ दिवसभर उन्हात आणि लोकांच्या नजरेत राही. एका पाहुण्याने सातव्या खड्ड्याभोवतीच्या हिरवळीचे सुंदर छायाचित्र काढले. क्लबाने ते आपल्या दिनदर्शिकेवर छापले. त्याच्या कोपऱ्यात वर्षाराणी होती. तोंड दिसत नव्हते, पाठ दिसत होती. वर्षाराणी टोळीत सर्वांत लहान, सव्वीस वर्षांची. तिच्या दिराने ती दिनदर्शिका एका पतसंस्थेच्या भिंतीवर पाहिली आणि जाकिटाच्या रंगावरून, हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून ओळखली. वर्षाराणी आठ दिवस कामावर आली नाही. आली तेव्हा कमरेला टॉवेल गुंडाळून आली आणि दिवसभर भिंतीकडे पाठ करून बसता येईल अशीच जागा शोधत राहिली. मैदानात भिंत नसते.

मल्लव्वा क्लबाचे सचिव राजवर्धन यांच्याकडे गेली. जाकीट लांब करून द्या, म्हणाली. पुढच्या वर्षी बघू, ते म्हणाले. पुढचे वर्ष आले आणि नवी जाकिटे आली. तेवढीच आखूड, रंग तेवढा अधिक भडक.

मार्ग निघाला तो एका डागामुळे. सयाजीराव नावाचे वृद्ध सभासद, पूर्वी तंत्रनिकेतनात शिकवत. त्यांच्या शर्टावर चहा सांडला. तो त्यांनी मल्लव्वाला घरच्या वापरासाठी दिला. तिने तो धुतला, दोरीवर टाकला आणि पाहत राहिली. शर्टाची पाठ पुढच्यापेक्षा चार बोटे लांब होती. कापड ओले असून हाताला ओले लागत नव्हते.

"सर, ह्यो शर्ट मागनं लांब का हो? शिंप्यानं चुकवलं का काय?" दुसऱ्या दिवशी तिने विचारले.

"चुकवलं नाही, मल्लव्वा. काठी फिरवताना माणूस वाकतो, तेव्हा शर्ट पँटमधून बाहेर येऊ नये म्हणून. आणि कापड घाम धरत नाही. वाकणाऱ्यासाठीच बनवलाय तो."

मल्लव्वाने मनात हिशेब केला. सर सकाळभरात साठ-सत्तर वेळा वाकत असतील. ती आठ तास वाकलेलीच असे.

सोमवारी क्लब बंद असतो. त्या सोमवारी ती वर्षाराणीला घेऊन बसने गांधीनगरच्या कापडपेठेत गेली. कंपन्यांचा उरलेला, परदेशातून परत आलेला, हंगाम उलटलेला माल अर्ध्याहून कमी भावात विकणारी दुकाने तिथे ओळीने आहेत. पहिल्या तीन दुकानांत गोल्फ हा शब्द कुणाला कळला नाही; चौथ्यात कळला आणि भाव ऐकून दोघी बाहेर आल्या. पाचवे दुकान शिवकुमारचे. शिवकुमार संकेश्वरकडचा, पिढीजात व्यापारी. मल्लव्वाचा हेल ऐकताच त्याने कानडीत गाव विचारले, तिचे माहेर त्याच्या गावाशेजारचे निघाले आणि त्याने स्टूल पुढे केले. ती स्टुलावर बसली नाही. ती कोपऱ्यातल्या ढिगाशी उकिडवी बसली. प्रत्येक शर्ट घडी घालायची, खांदे जुळवायचे आणि खालच्या कडेला आडवी बोटे लावून बघायची. एक बोट निघाले तर बाजूला. चार बोटे निघाली की मांडीवर.

"अक्का, त्यो ढीग फॉल्टचा हाय," शिवकुमार म्हणाला. "म्होरनं आखूड, मागनं लांब. कापणाऱ्यानं डोळं झाकून कापलंय. चांगला माल हिकडं हाय की."

"मला ह्योच पायजे."

"न्ह्याल, आणि घरात गेल्यावर मालक मला शिव्या घालतील."

"मालकास्नी न्हाय. मलाच पायजे. म्हंजे आमास्नी."

शिवकुमारने वर्षाराणीकडे पाहिले. ती पहिल्यांदाच हसली होती.

नऊ शर्ट निघाले. पांढरे आणि आकाशी. सगळे थोराड मापाचे, छातीवर काठी उगारलेल्या माणसाची बारीक कशिदाकारी. पैसे काढण्यापूर्वी मल्लव्वा थांबली. दुसऱ्याच्या अज्ञानावर स्वस्ताई मिळवणे तिला पटेना.

"पावणं, सांगून ठेवतो. ह्यो फॉल्ट न्हाय. वाकणाऱ्या माणसापायी असंच शिवत्यात. मागनं म्हणू नगा, अक्कानं फशिवलं."

शिवकुमार मोठ्याने हसला. "अवो, हॉकीच्या टीमचा माल हाय त्यो. छातीवर काठीवाला बघा की! फॉल्ट हाय म्हणून दीडशेला देतोय. फॉल्ट न्हाय म्हणालासा तर भाव वाढंल."

"मग असू दे फॉल्ट."

बुधवारी टोळीने शर्ट घातले. साठीची बयाबाई राधानगरीकडची, अंगाने काडी. तिला तो गुडघ्यापर्यंत आला. "शर्ट न्हवं, माझं झबलं झालं ह्ये," ती म्हणाली आणि बसून पुढे वाकली, मागे हात नेऊन चाचपले, पुन्हा वाकली. पाठ झाकलेलीच राहिली. वर्षाराणी त्या दिवशी सातव्या हिरवळीच्या मधोमध बसली.

तिसऱ्या दिवशी राजवर्धन आले. चार दिवसांवर मोठी स्पर्धा होती. दोन बाहेरचे पाहुणे मैदान बघायला सोबत होते.

"मल्लव्वा, हे काय चाललंय?"

"भांगलण."

"शर्टांचं विचारतोय. कुणी दिले?"

"दिलं न्हाईत कुणी. इकत घेतलं."

"जाकिटं आहेत ना? सभासदांची तक्रार आली आहे. लांबून कळत नाही, खेळणारं कोण आणि..."

"आणि?"

"आणि कामाचं माणूस कोण."

"आमी बसलेलं असतो, साहेब. खेळणारं हुबं असत्यात. तेवढं बी कळत न्हाय?"

बयाबाईने खुरप्याच्या मुठीत हसू दाबले. राजवर्धन यांनी ते पाहिले आणि त्यांचा आवाज चढला. "मला वाद नको. शर्ट काढा आणि जाकिटं घाला. आत्ता."

मल्लव्वा उठून उभी राहिली. अकरा वर्षांत ती या माणसाशी उभी राहून क्वचितच बोलली होती.

"हितं?"

"म्हणजे?"

"हितं काढायला सांगालायसा, आमा नऊ बायकास्नी? ह्या दोन पावण्यांच्या म्होरं? परत एकदा म्हणा. जरा मोठ्यानं म्हणा, पल्याडच्या गड्यास्नी बी ऐकू जाऊ दे."

पाहुणे एकाएकी लांबच्या झेंड्याकडे निरखून पाहू लागले. शर्टाखाली पोलके होते, साडी होती. राजवर्धन यांना तसे काही म्हणायचे नव्हते, हे खरेच. पण ज्याच्या तोंडून आज्ञा निघते, त्याने ती ऐकणाऱ्याच्या जागी उभे राहून कधी ऐकलेली नसते. त्या क्षणी त्यांना ती ऐकू आली.

"उद्यापासून कॉलरवाली बाई गेटातून आत येणार नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी परतताना बयाबाई म्हणाली, "अक्का, तुझं डोकं बी हरळीवाणीच हाय. उपटंल तेवढं वाढतंय. पर माझ्या घरात खाणारी तोंडं पाच हाईत."

"माझ्या घरात चार हाईत, बयाक्का. तुला जाकीट घालून जायाचं असंल तर जा. मी कायबी म्हणणार न्हाय. माझ्याच्यानं आता त्ये व्हणार न्हाय."

सकाळी फाटकाशी नऊ जणी आल्या. बयाबाईही आली, झबल्यासकट.

पहारेकरी ज्ञानू अवघडून उभा होता. "मल्लव्वाक्का, मी हुकमाचा गडी. कॉलर आत सोडायची न्हाय म्हणून सांगितलंय."

"तुझ्यावर राग न्हाय, ज्ञानूदा," असे म्हणून ती फाटकाबाहेर कडेला बसली. टोळी तिच्या शेजारी बसली.

थोड्या वेळाने मजूर पुरवणाऱ्या आकारामचा टेम्पो आला. राजवर्धन यांनी रात्रीच फोन करून सात नव्या बायका मागवल्या होत्या. टेम्पोचे फळकूट पडले, बायका एकामागून एक उतरल्या आणि ज्ञानूने कपाळाला हात लावला. सातही जणींच्या अंगावर शर्ट होते. नवऱ्यांचे चौकड्यांचे, दिरांचे पट्ट्यापट्ट्यांचे. एकीच्या अंगावर एसटी चालकाचा खाकी. रानात निघालेली बाई शर्टावाचून कशी निघेल?

"आकाराम, ह्यास्नी बी सोडता येत न्हाय," ज्ञानू म्हणाला.

"का रं?"

"कॉलरी हाईत की."

"आरं, बाई कामाला निघाली म्हंजे शर्ट घालणारच! लगनाला चालल्यात व्हय?"

फाटकाबाहेर आता सोळा बायका झाल्या. खाकी शर्टवाली मल्लव्वाच्या शेजारी टेकली आणि पिशवीतले खुरपे काढत विचारू लागली, "काम काय हाय हितं, अक्का?"

"भांगलण. काय उपटशील तू?"

"हरळी. आनि काय?"

नऊ जणी अशा हसल्या की बाभळीवरचे पारवे उडाले. राजवर्धन नेमके तेव्हा गाडीतून उतरत होते. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही त्यांनी ऐकले. अकरा वर्षांपूर्वीचे ते टक्कल त्यांच्याच कारकिर्दीच्या पहिल्या वर्षातले. स्पर्धा तीन दिवसांवर होती आणि हिरवळीत लव्हाळ्याची पाती वर आली होती.

त्यांनी फाटकाचा गज धरून आत हिरवळीकडे पाहिले, मग त्या सात जणींच्या हातांतल्या खुरप्यांकडे.

"जा आत," अखेर म्हणाले.

"शर्टासकट?" मल्लव्वा बसूनच म्हणाली.

"जा म्हटलं ना!"

"ह्या सात जणी बी येत्यात. तुमीच बोलिवल्यात, मोकळ्या हातानं धाडू नगा. काय ठेवायचं ते मी दावतो त्यास्नी."

त्यांनी ज्ञानूला हाताने खूण केली. सोळा बायका आत गेल्या.

याला विजय म्हणावे की नाही, याविषयी घाई करू नये. स्पर्धा पार पडल्यावर आठवड्याने कामगारांच्या खोलीबाहेर कागद लागला. वर्षाराणीने तो मोठ्याने वाचला: कर्मचारी महिलांना शर्ट घालण्यास परवानगी आहे, मात्र पांढरा व आकाशी रंग सभासदांसाठी राखीव असून, कर्मचाऱ्यांनी लांबून ओळखू येईल असा रंग वापरावा.

सगळ्यांनी अक्काकडे पाहिले. मल्लव्वाने कागद नीट ऐकून घेतला, पुन्हा वाचायला लावला, आणि खुरपे उचलून कामावर गेली.

सोमवारी शिवकुमारच्या दुकानात ती पुन्हा ढिगाशी उकिडवी बसली होती. आपण घरी जाऊन एक शर्ट घालून पाहिल्याचे, आणि तो वाकताना खरोखर वर येत नसल्याचे, शिवकुमारने कबूल केले. "तुमीच म्हणालता, फॉल्ट न्हाय. आता एकशेऐंशी पडंल." तासभर हुज्जत घालून तिने दीडशेच दिले. या खेपेला पांढरे आणि आकाशी तिने हातात घेतलेही नाहीत. शिवकुमारने काढून ठेवलेले फिके करडे, फिके हिरवे तिने बाजूला सारले आणि ढिगाच्या तळातून कुणी न विचारलेले लालभडक शर्ट ओढून काढू लागली. एकेक घडी, एकेक खांदा, खाली आडवी चार बोटे.

मंगळवारी सातव्या हिरवळीवर नऊ लाल पाठी एका ओळीत वाकलेल्या होत्या. क्लबाच्या व्हरांड्यातून, रस्त्यावरून, पलीकडच्या टेकडीवरूनही त्या दिसत होत्या.

"अक्का, लई उठून दिसालंय की ह्ये," बयाबाई म्हणाली.

मल्लव्वाने लव्हाळ्याची गाठ मुळासकट काढली, माती झटकली आणि मागे टाकली.

"लांबनं वळखायचं हाय न्हवं त्यास्नी? वळखू द्यात की."